‘नीट चाला’ म्हटल्याने चाल सुधारत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

जिन्यावर कोण येतंय, हे आपल्याला दार उघडण्याआधीच पावलांवरून कळतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि रुग्ण आत येण्याआधीच माझेही कान त्याच्या पावलांकडे असतात. पाय दुखत असेल तर शरीर त्या पायावर कमी वेळ थांबतं, मग एक पाऊल रेंगाळतं आणि दुसरं घाईने पडतं. टाच टेकल्यावर चवडा अलगद खाली यायला हवा. तो फटकन आपटत असेल, तर पाऊल वर उचलणारे स्नायू कमजोर झालेले असतात. दोन्ही चपला जमिनीला घासत, छोटी छोटी पावलं पडत असतील, तर मनात पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, शंका येते.

आणि घरोघरी या सगळ्यांवर इलाज एकच: “बाबा, नीट चाला ना. पाय उचला जरा.” काळजीपोटीच म्हणतात सगळे. पण लंगडणं ही बहुतेक वेळा सवय नसते. दुखणं किंवा कमजोरी सांभाळून पुढे जाण्यासाठी शरीराने काढलेली ती वाट असते. कारण शोधायचं नाही आणि लंगडू नका म्हणायचं, याने माणूस बिचकतो, आणि हळूहळू घराबाहेर पडणंच सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा उपाय हाताशी असतो.

खुब्याचंच बघा. चालताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर आपला सगळा तोल एकाच पायावर असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला खचू नये, म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला ओढून धरतात. ते कमजोर असले की कंबर खचते, किंवा ती खचू नये म्हणून माणूस कमजोर बाजूवर अंग झोकून चालतो. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदांनी १८९५ साली याची तपासणी सांगितली. रुग्णाला एका पायावर उभं करायचं आणि मागून कंबर बघायची. आजही आम्ही तेच करतो.

हे स्नायू इतक्या जोराने ओढतात, की एका पायावर असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. म्हणूनच काठी विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखतोय तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय बरोबरच पुढे. काठीवर थोडासाच जोर दिला तरी खुब्यावरचं ओझं बरंच उतरतं. बहुतेक लोक मात्र दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. उंचीही बघा: चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर आजच बदला. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

चवडा लोंबकळण्याचं एक कारण आपल्या शेतांत सापडतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक नस हाडाला अगदी चिकटून जाते. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी केली की ती दबू शकते. कुष्ठरोगातही हीच नस बाधित होते, म्हणून त्वचेवर बधिर चट्टा असेल तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. नस सावरेपर्यंत चवडा उचलून धरणारा स्प्लिंट वापरला की ठेच लागणं थांबतं.

पार्किन्सनचा रुग्ण दारात अडखळून जागीच खिळला, तर हात धरून ओढू नका, तो पडेल. थांबू द्या, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, मग मोठ्याने “एक, दोन” म्हणा. जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्या ओलांडताना अनेकांची पावलं आपोआप मोठी पडतात.

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अंधारात पाय कुठे पडतोय ते कळत नाही, अशी तक्रार असेल तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. इथे व्यायामाआधी रक्ततपासणी. चाल एकाएकी बिघडली, एका बाजूची ताकद गेली, किंवा पाय लुळे पडून लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालय गाठा.

घरी एक तपासणी करता येते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वृद्ध माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजा आणि तज्ज्ञांना दाखवा. तपासणीच्या वेळी कोणीतरी शेजारी उभं राहा. वळताना किती पावलं लागतात, आधारासाठी हात कुठे जातो, तेही बघा.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी आणा. घरात सहज चालतानाचं मोबाइलवरचं चित्रण, पुढून, मागून आणि बाजूने; कारण दवाखान्यात सगळेच जरा नेटाने चालतात. चालू असलेली सगळी औषधं, झोपेची गोळीसुद्धा. आणि रोजच्या वापरातल्या जुन्या चपला. नव्या घालून येऊ नका. झीज टाचेला आहे की चवड्याला, आतून आहे की बाहेरून, हे मला बघायचं असतं.