थोरला जेराल्ड

नमस्कार मंडळी.

आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला आयरिश भाषेत ‘ग्यारोद मोर’ म्हणतात. ग्यारोद म्हणजे जेराल्ड आणि मोर म्हणजे मोठा, थोर. त्याच्या मुलाचंही नाव जेराल्डच, म्हणून तो ‘ग्यारोद ओग’, म्हणजे धाकटा. थोरले बाजीराव, थोरले माधवराव म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा मीही त्याला थोरला जेराल्डच म्हणणार आहे. कागदोपत्री तो जेराल्ड फिट्झजेराल्ड, किल्डेअरचा आठवा अर्ल. जन्म १४५६ च्या सुमारास, मृत्यू १५१३ मध्ये.

पुढच्या काळात लोकांनी त्याला आयर्लंडचा बिनमुकुटाचा राजा म्हटलं. हे बिरुद मला पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज सांगायचं आहे. मला तो राजा वाटत नाही. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन घरांचा कारभार एकट्याने ओढणारा कर्ता पुरुष वाटतो.

ती दोन घरं कोणती? १४७८ चं आयर्लंड डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडचा राजा स्वतःला या बेटाचा स्वामी म्हणवतो, पण त्याचा कायदा खऱ्या अर्थाने चालतो तो डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांत. या टापूला ‘पेल’ म्हणत, म्हणजे कुंपणाच्या आतला मुलूख. पुढे तर त्याच्या सीमेवर सहा फूट उंच बांध घालायचा हुकूम निघाला. बांधाच्या आत इंग्रजी भाषा, इंग्रजी न्यायालयं, इंग्रजी पोशाख. बांधाबाहेर ओ’नील, ओ’डॉनेल, मॅकार्थी यांच्यासारखी जुनी आयरिश घराणी, त्यांचे कवी आणि त्यांचे ब्रेहन, म्हणजे परंपरेने न्याय सांगणारे शास्त्री. आत खून झाला तर फाशी. बाहेर खून झाला तर मारणाऱ्याच्या कुळाने मेलेल्याच्या कुळाला भरपाई द्यायची आणि वैर मिटवायचं.

फिट्झजेराल्ड मूळचे नॉर्मन. बाराव्या शतकात वेल्समधून तलवार घेऊन आले आणि इथेच रुजले. अर्लपद मिळालं १३१६ मध्ये. तीनशे वर्षांत ते घरात आयरिश बोलायला लागले, मुलं आयरिश दायांच्या अंगाखांद्यावर वाढली. डब्लिनच्या पार्लमेंटमध्ये बसले की ते इंग्रज सरदार, घोड्यावर बसून पश्चिमेला निघाले की आयरिश नायक.

१४७८ मध्ये बाप वारला आणि बावीस-तेवीस वर्षांचा जेराल्ड अर्ल झाला. डब्लिनच्या कौन्सिलने राज्याचा कारभारही त्याच्याच हाती दिला. राजा चौथा एडवर्ड याला हे रुचलं नाही. त्याने लॉर्ड ग्रे नावाचा आपला माणूस नायब म्हणून पाठवला. ग्रे हातात राजाची सनद घेऊन आला. तर डब्लिनच्या किल्ल्याचा किल्लेदार, किलमेनहमच्या मठाचा प्रमुख जेम्स कीटिंग, याने किल्ल्यावरचा पूल मोडून टाकला आणि ग्रेला आत घेतलं नाही. राजमुद्रा चॅन्सेलरकडे होती. तो रोलंड फिट्झयूस्टेस, म्हणजे जेराल्डचा सासरा. त्याने मुद्रा द्यायला नकार दिला. सनद आहे पण शिक्का नाही, पद आहे पण दार बंद! ग्रेला परत जावं लागलं, आणि १४७९ मध्ये राजाने जेराल्डलाच नायब केलं. पदाचं नाव लॉर्ड डेप्युटी. सुभेदारी बहुधा कुणा राजपुत्राच्या नावावर असे, प्रत्यक्ष राज्य नायब करी.

हा प्रसंग मी मुद्दाम सावकाश सांगितला, कारण त्याची सारी ताकद यात दिसते. त्याच्याकडे मोठं खडं सैन्य नव्हतं, त्याच्याकडे नातीगोती होती. बहीण एलेनॉर टिरोनच्या ओ’नीलला दिलेली. मुलींची लग्नं पाहा: अ‍ॅलिस पुढच्या ओ’नीलकडे, एलेनॉर मॅकार्थींकडे, यूस्टेशिया पश्चिमेच्या बर्कांकडे, आणि मार्गारेट चक्क हाडवैरी बटलरांकडे. उत्तर, दक्षिण, पश्चिम, सगळीकडे त्याची सोयरीक. कुठल्याही भांडणात तो कुणाचा तरी सासरा, मामा नाहीतर मेहुणा निघायचाच.

आणि घोडे. आयरिश रिवाजात मोठ्याने घोडा द्यायचा आणि धाकट्याने तो घ्यायचा. घोडा घेतला की तुम्ही त्याचे झालात. कोणत्या नायकाला कोणत्या वर्षी कुठला घोडा, कुठलं चिलखत दिलं, याच्या नोंदी त्याच्या मुलाच्या काळापासून टिकल्या आहेत. वरवर पाहिलं तर तो तबेल्याचा हिशेब वाटतो, पण खरं म्हणजे तो राज्याचा नकाशा आहे.

या व्यवस्थेची किंमत कोण मोजत होतं, हे मात्र आपण विसरता कामा नये. अर्लचे शिपाई आणि त्यांचे घोडे कुळांच्या घरी उतरायचे. त्यांचं खाणंपिणं, दाणावैरण कुळाने पुरवायची, पगारही बऱ्याचदा त्यांच्याचकडून उकळला जायचा. त्यामुळे पेलमधले शेतकरी पिळून निघाले. थोरल्याबद्दल मला आदर आहे, पण ज्या घरात असे चार शिपाई महिनाभर बसून खात असतील, त्या घरातली बाई काय म्हणत असेल, हे त्या काळाच्या कागदांत कुठेच उतरलेलं नाही, आणि ते मला सलतं.

आता १४८७. इंग्लंडमध्ये चौथ्या एडवर्डचं यॉर्क घराणं पडलं आहे, सातवा हेन्री गादीवर येऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. डब्लिनमध्ये दहा-बारा वर्षांचं एक पोर आणलं जातं. हाच यॉर्कचा खरा वारस, असं सांगितलं जातं, आणि थोरला त्याच्या पाठीशी उभा राहतो. त्याचं खरं नाव लँबर्ट सिम्नेल, ऑक्सफर्डच्या एका कारागिराचा मुलगा. २४ मे १४८७ ला डब्लिनच्या क्राइस्ट चर्चमध्ये त्याला राज्याभिषेक झाला. मुकुट कुठून आणायचा? मेरीमातेच्या मूर्तीच्या मस्तकावरचं वेढं उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवलं, असं सांगतात. गर्दीला राजा दिसावा म्हणून डार्सी नावाच्या एका धिप्पाड सरदाराने पोराला खांद्यावर घेतलं. जत्रेत बाप मुलाला घेतो, अगदी तसं.

महिनाभरात फौज इंग्लंडला गेली. सोबत दोन हजार जर्मन भाडोत्री शिपाई होते. १६ जूनला स्टोकच्या लढाईत सगळं संपलं. बिनचिलखताचे आयरिश पायदळ शिपाई बाणांच्या माऱ्यात कापले गेले. जेराल्डचा सख्खा भाऊ थॉमस, आयर्लंडचा चॅन्सेलर, तिथे पडला. थोरला स्वतः डब्लिनमध्येच होता. चूक त्याची होती, जीव भावाचा गेला. हेन्रीने पोराला मारलं नाही, आपल्या स्वयंपाकघरात कामाला लावलं, आणि जेराल्डलाही माफी दिली. पुढे आयरिश सरदार दरबारात आले तेव्हा त्यांना मद्य वाढायला याच सिम्नेलला पाठवलं, अशी कथा आहे. खरी असेल तर त्या प्याल्याने त्यांच्या घशाला किती कोरड पडली असेल!

आता एका दाराची गोष्ट. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये ते आजही पाहता येतं. जुनं, काळपट लाकूड, आणि मधोमध एक आयताकृती भोक. १४९२ मध्ये किल्डेअर आणि बटलर यांचं वैर टोकाला गेलं होतं. बटलरांचा पुढारी, ‘काळा जेम्स’ म्हणून ओळखला जाणारा, बोलणी करायला डब्लिनला आला. देवळातच चकमक उडाली आणि जेम्स एका दालनात शिरला. आतून दार लावून घेतलं. थोरला बाहेरून म्हणाला, जिवाची हमी देतो, बाहेर ये. आतल्याला भरवसा वाटेना, आणि का वाटावा? दोन पिढ्यांचं रक्त सांडलेलं. तेव्हा थोरल्याने दाराला भोक पाडायला लावलं आणि त्यातून आपला हात आत घातला.

क्षणभर थांबून हे डोळ्यांपुढे आणा. दाराच्या पलीकडे घाबरलेली, तलवारी उपसलेली माणसं आहेत. एका घावात हात खांद्यापासून जाईल. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. कोपरापर्यंत हात आत, आणि वाट पाहायची. आतून कुणीतरी तो हात हातात घेतला. दार उघडलं आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ही हकीगत नंतरच्या लेखकांनी लिहून ठेवली, त्यामुळे तिचा शब्दन् शब्द खरा धरू नये. वैरही त्या मिठीने कायमचं मिटलं नाही. पण त्याच्याविषयी हीच गोष्ट लोकांना सांगाविशी वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच सुमारास पर्किन वॉरबेक नावाचा दुसरा तोतया उभा राहिला आणि हेन्रीचा संशय पुन्हा जागा झाला. जेराल्डला पदावरून काढलं. १४९४ मध्ये एडवर्ड पॉइनिंग्ज राजाचा नवा नायब म्हणून सैन्य घेऊन आला. त्याने द्रॉहेडाला पार्लमेंट भरवून कायदा केला: राजाच्या आणि त्याच्या कौन्सिलच्या पूर्वसंमतीशिवाय आयर्लंडमध्ये पार्लमेंट भरणार नाही. तोतयाच्या नावाने पुन्हा कुणी पार्लमेंट भरवू नये, ही त्यामागची धास्ती. पण तो कायदा १७८२ पर्यंत आयर्लंडच्या मानेवर बसला. याच पार्लमेंटने रणघोषांवरही बंदी घातली. किल्डेअरांचा घोष होता ‘क्रोम आबू’. माणसांच्या तोंडातली आरोळी कायद्याने बंद करावी लागली, यावरून तिचं वजन कळतं.

१४९५ मध्ये जेराल्डला पकडून लंडनच्या टॉवरमध्ये टाकलं. तो कैदेत असतानाच इकडे बायको अ‍ॅलिसन वारली.

राजापुढच्या चौकशीची कथा आयर्लंडमध्ये तोंडोतोंडी आहे. ती हाउथ घराण्याच्या बखरीत येते, आणि बखरीतली गोष्ट बखरीसारखीच वाचायची असते. आरोप असा की त्याने कॅशेलचं कॅथेड्रल जाळलं. तो म्हणाला, आर्चबिशप आत आहे असं वाटलं म्हणून जाळलं, नाहीतर कशाला जाळलं असतं? खुद्द आर्चबिशप समोरच बसलेला. राजा हसला. शेवटी मीथचा बिशप वैतागून म्हणाला, सगळं आयर्लंड मिळूनही या माणसाला आवरू शकत नाही. त्यावर हेन्री म्हणाला, मग यानेच सगळं आयर्लंड आवरावं.

ऐकायला फार छान. पण सातवा हेन्री विनोदावर राज्य देणारा माणूस नव्हता, पै-पैचा हिशेब ठेवणारा होता. पॉइनिंग्जच्या फौजेचा खर्च त्याला डोईजड झाला होता. थोरला मात्र आपल्या नात्यांच्या आणि घोड्यांच्या बळावर तेच काम फार कमी पैशांत करून द्यायचा. म्हणून १४९६ मध्ये त्याला पुन्हा नायब करून पाठवलं. जाताना एलिझाबेथ सेंट जॉनशी लग्न लावून दिलं. ही राजाच्या आईच्या सावत्र भावाची मुलगी, म्हणजे राजाची मामेबहीण. आणि मुलगा, धाकटा जेराल्ड, ओलीस म्हणून दरबारात ठेवून घेतला. सोयरीक करून माणूस बांधायचा हा थोरल्याचाच डाव, यावेळी राजा खेळला. त्यानंतर थोरल्याने राजाशी कधी दगा केला नाही.

१५०४ च्या ऑगस्टमध्ये गॉलवेजवळच्या नॉकडो टेकडीवर मोठी लढाई झाली. नॉकडो म्हणजे कुऱ्हाडींची टेकडी. समोर उलिक बर्क, त्याचा जावई. त्याने राजाचं गॉलवे शहर बळकावलं होतं. लेकीला तो नीट वागवत नव्हता, हेही कारण सांगतात. दोन्ही बाजूंना लांब दांड्यांच्या कुऱ्हाडी पेलणारे गॅलोग्लास शिपाई. थोरल्याच्या बाजूने पेलचे इंग्रज सरदार आणि ओ’डॉनेलसारखे आयरिश नायक एका रांगेत. तो जिंकला, राजाने गार्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या सरदारकीचा, मान दिला. पण बखर सांगते की संध्याकाळी पेलचा एक सरदार त्याला म्हणाला, शत्रू तर मारले, आता आपल्या बाजूच्या आयरिशांनाही असंच मारलं की काम पुरं होईल. दिवसभर खांद्याला खांदा लावून लढल्यानंतर हे बोलणं! ती दोन घरं फक्त त्याच्या एकट्याच्या अंगणात एकत्र यायची.

१४८९ च्या सुमारास जर्मनीहून त्याच्याकडे सहा बंदुका आल्या होत्या. आयर्लंडमध्ये तेव्हा ही नवलाईची वस्तू. डब्लिनच्या वाड्यात दिवाणखान्याबाहेर पहारेकरी त्या घेऊन उभे राहत. १५१३ च्या उन्हाळ्याअखेर तो ओ’कॅरल या आयरिश घराण्यावर चालून निघाला होता. किल्कीजवळ ग्रीस नावाची छोटी नदी आहे. तिथे घोड्याला पाणी पाजताना लीशच्या ओ’मोर कुळातल्या एकाने त्याच्यावर गोळी झाडली. जखमी अवस्थेत त्याला किल्डेअरला नेलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तो गेला. क्राइस्ट चर्चमध्ये त्याला पुरलं, सव्वीस वर्षांपूर्वी त्या पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवला त्याच देवळात.

कौन्सिलने लगेच धाकट्याला कारभारी नेमलं. वीसएक वर्षं गाडी चालली. पण आठव्या हेन्रीच्या मंत्र्यांना मध्यस्थ नको होता, थेट हुकूम हवा होता. धाकटा १५३४ मध्ये टॉवरमध्ये मेला. त्याच्या मुलाने, थॉमसने, डब्लिनच्या कौन्सिलपुढे राजाची तलवार टाकून बंड केलं. १५३५ मध्ये घराण्याचा मेनूथचा किल्ला पडला. ३ फेब्रुवारी १५३७ ला लंडनच्या टायबर्नला थॉमसला फाशी दिलं, आणि त्याच्याबरोबर त्याच्या पाच काकांना. ते पाचही थोरल्याचे मुलगे. त्यांतल्या काहींनी बंडात भागही घेतला नव्हता. मेजवानीला बोलावून त्यांना पकडलं होतं. त्यांच्यात त्या मामेबहिणीचे, एलिझाबेथचे मुलगे होते, म्हणजे ज्या आठव्या हेन्रीने फासावर चढवलं त्याच्याच आजीकडून रक्ताचे नातलग.