व्हिटलचं जाड इंजिन

मंडळी, विषय जाहीर केलाय 'फ्रँक व्हिटलने सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर का निवडला'. व्हिटल म्हणजे जेट इंजिनाचा ब्रिटिश जनक, कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनात हवा दाबणारा भाग, आणि त्याचे दोन प्रकार: सेंट्रिफ्युगल आणि अ‍ॅक्शियल. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, भेटेल त्याला मी ते ऐकवतो, आज तुम्ही सापडलात. जेट इंजिन कसं चालतं ते इथे सगळ्यांना माहितीये (हवा दाबायची, त्यात इंधन जाळायचं, तापलेला वायू मागे सोडायचा), तेव्हा थेट माणसाकडे वळू.

जन्म 1907, कॉव्हेंट्री, वडील मेकॅनिक. रॉयल एअर फोर्समध्ये शिकाऊ म्हणून भरती व्हायला गेला तर उंची जेमतेम पाच फूट, नापास! पठ्ठ्याने व्यायाम करून उंची वाढवली, परत अर्ज केला आणि शेवटी आत शिरलाच. 1928 ला हवाई दलाच्या क्रॅनवेल कॉलेजात प्रबंध लिहिला, की खूप वर विरळ हवेत उडालं तर ताशी 500 मैल गाठता येतील. वय 21!! त्या काळची लढाऊ विमानं याच्या एक तृतीयांश वेगाच्या आसपास होती.

आता पाच पौंडांची गोष्ट, आणि इथे मी रेंगाळणार आहे. जानेवारी 1930 मध्ये त्याने टर्बोजेटच्या, म्हणजे या जेट इंजिनाच्या, पेटंटचा अर्ज केला. त्याआधी हवाई मंत्रालयाला कल्पना दाखवली होती, त्यांनी ती ग्रिफिथ नावाच्या शास्त्रज्ञाकडे पाठवली, त्याने सांगितलं हिशेब फारच आशावादी आहे. झालं, मंत्रालयाचा रस संपला, इतका की पेटंट गुप्त ठेवावं असंही कुणाला वाटलं नाही, ते सरळ छापून जगासमोर आलं. (ग्रिफिथला खलनायक करू नका हं, तेव्हाच्या धातूंबद्दलची त्याची शंका खरीच होती आणि अ‍ॅक्शियल कॉम्प्रेसरवर त्याचं 1926 चं काम फार मोठं आहे.) मग 1935 चा जानेवारी, नूतनीकरणाची फी पाच पौंड, व्हिटल केंब्रिजला शिकतोय, घरात दोन लहान मुलं, आणि मंत्रालय म्हणतं सरकारी खर्चाने भरणार नाही. पेटंट सोडून दिलं त्याने. आजही हे वाचलं की मला संताप येतो, कारण तो त्यांचाच अधिकारी होता, त्यांच्याच पगारावर होता, कुणा परक्याने कागद आणून टाकला होता असं नव्हतं!

नशीब, विल्यम्स आणि टिनलिंग हे जुने सहकारी धावून आले आणि मार्च 1936 ला पॉवर जेट्स कंपनी उभी राहिली. त्यातही व्हिटलला परवानगी कसली, तर आठवड्याला सहा तास काम करायची. 12 एप्रिल 1937 ला रग्बी गावात पहिलं इंजिन सुरू झालं आणि बेफाम सुटलं, व्हॉल्व्ह बंद केला तरी वेग वाढतोच आहे, लोक पळाले, व्हिटल तिथेच उभा. नंतर कळलं, आत इंधनाचं डबकं साचलं होतं, तेच जळत होतं. 15 मे 1941 ला व्हिटलचं इंजिन बसवलेलं ग्लॉस्टर कंपनीचं विमान क्रॅनवेलहून उडालं, 17 मिनिटं. जर्मनांचं हाइनकेल जेट विमान त्याआधीच, ऑगस्ट 1939 ला उडून गेलं होतं, आता तुम्हीच...

बरं, चिठ्ठी आलीये, वेळ संपत आला, मुद्दा पटकन सांगतो. अ‍ॅक्शियलमध्ये पात्यांच्या अनेक रांगा, प्रत्येक रांग थोडा थोडा दाब वाढवते, पात्याचा आकार जरा चुकला की प्रवाह सुटतो आणि इंजिन घुटमळतं. हे शास्त्र तेव्हा कच्चं होतं. सेंट्रिफ्युगल म्हणजे फिरत्या छत्रीवरून पाणी कडेला उडतं तसं, एकच चाक, दणकट, आणि पिस्टन इंजिनांच्या सुपरचार्जरमुळे (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) लोकांच्या हाताखालचं. तरी व्हिटलने चारपट दाब मागितला, तेव्हा अडीचपट म्हणजे उत्तम मानायचे. ज्याचा भरवसा आहे ते घेऊन तेच ताणायचं, ही त्याची अक्कल.

तोटा एकच, इंजिन जाड होतं. जर्मनांचं यूमो 004 जेट इंजिन सडपातळ अ‍ॅक्शियल, पण ते काही तासांतच उघडावं लागायचं, अर्थात त्यात निकेल-क्रोमियमच्या टंचाईचाही वाटा होता. उलट व्हिटलच्या वळणाचं रोल्स-रॉइस नीन ब्रिटिशांनी रशियाला विकलं, रशियनांनी त्याची नक्कल केली आणि ती मिग-15 लढाऊ विमानात बसवली. आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट व्हॅम्पायर, तेही सेंट्रिफ्युगल. मोठ्या विमानांत पुढे अ‍ॅक्शियलच जिंकलं, मान्य, पण पीटी6 टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन) उघडून बघा, अ‍ॅक्शियल रांगांच्या शेवटी एक सेंट्रिफ्युगल चाक आहे, आणि व्हिटलच्या 1930 च्या पेटंटातली मांडणी हीच होती.

सर्जिंगचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधली हवा उलटी फिरून इंजिन हादरतं त्याचं, राहिलं. ते प्रश्नोत्तरात विचारा, मी थांबलोय इथेच.