खिळ्याचं भोक बुजवू नका

(पुण्यातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी हा ठोकळा पहिल्या रांगेत देतो. हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. नुसता बघू नका, वास घ्या. एका बाजूला मी काल संध्याकाळी करवत मारली आहे, तिथे नाक लावा. चामड्यासारखा, जरा तेलकट वास येईल. शंभरावर वर्षं हे लाकूड एका माडीखाली तुळई म्हणून उभा जन्म काढून आलंय, आणि आतून अजून ताजं आहे. सागाच्या गाभ्यातली तेलकट द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत, त्याचा हा प्रताप. आता ठोकळा उलटा करा. काळा डाग आणि मधोमध भोक दिसेल. आजचं सगळं बोलणं त्या भोकाबद्दल आहे.

मी सुताराच्या घरातला नाही. कारखान्यात नोकरी केली, ती सोडून चाळिशी उलटल्यावर रंधा हातात धरला आणि उतरवलेल्या वाड्यांच्या लाकडाच्या वस्तू करू लागलो. त्यामुळे माझ्या चुका मोठेपणीच्या. लहानपणी झाल्या असत्या तर उस्तादाची टपली खाऊन भागलं असतं.

पहिली मोठी चूक सांगतो. सदाशिव पेठेतला एक वाडा उतरवत होते. तिथल्या काकूंनी मला माजघराच्या खांबाचा हातभर तुकडा दिला. म्हणाल्या, याचं काहीतरी करून द्या, मुलगी परदेशात आहे, तिला पाठवायचंय. मी आठ दिवस खपलो. खिळे काढले, भोकं लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल घालून बुजवली, रंधा मारला, पॉलिश पेपर फिरवला आणि दागिन्यांची पेटी केली. आरशासारखी. काकूंनी ती हातात घेतली, झाकण उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "छान झालीय हो. पण ही आमच्या वाड्याची कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण ती पेटी कुठल्याही दुकानातली असू शकली असती. पाच पिढ्यांच्या पाठी टेकून त्या खांबाला कमरेच्या उंचीवर जी चकाकी आली होती, ती मीच रंध्याने काढून केराच्या टोपलीत टाकली होती. चांगलं सागवान आजही वखारीत मिळतं, मंडळी. वाड्याचा म्हणून जो काही भाग असतो, तो वरच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये असतो.

आता वाडा म्हणजे काय, हे पुण्यात सांगायला नको असं पूर्वी म्हणता आलं असतं. पुढच्या रांगेतली मुलं बघून सांगतो. वाड्याचा जीव लाकडी सांगाड्यात असतो. दगडी तळखड्यावर खांब, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, हा झाला कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं माप याच खणांत सांगायचे. भिंती मातीच्या, विटांच्या. त्यांच्यावर फारसा भरवसा ठेवलेला नसतो. म्हणूनच भिंत ढासळली तरी सांगाडा उभा राहतो आणि उतरवताना पुन्हा वापरता येईल असा सुटा होतो. कोकणात गेलात तर फणस, किंजळ, ऐन सापडेल. आपल्याकडे मान सागाचा.

हे लाकूड गेलं कुठे? शनिवारवाडा 1732 मध्ये राहता झाला. त्याला सागवान जुन्नरच्या जंगलातलं आणि चुना जेजुरीचा. 1828 च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. आज पाहुण्यांना आपण तट आणि चौथरे दाखवतो. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना तेवढा मान वर करून बघावा असा उरलाय. बुधवारवाडा 1879 च्या आगीत गेला, विश्रामबागवाड्याचा काही भागही तेव्हाच जळाला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती विरघळल्या. पण आग आणि पुराच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो, आणि त्याहून मोठं कारण मात्र कंटाळवाणं आहे म्हणून गाळतो. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिन्याच्या भाड्यात कौलं शाकारणंही होईना, मग मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू जागा सोडीना. वर चुलत भावांच्या वाटण्या. तुळईला जे वाळवीने केलं नाही, ते सातबाऱ्यावरच्या नावांनी केलं. सातबारा म्हटलं खरं, पेठेत सिटी सर्व्हेचा उतारा असतो, हे मला ऐकवायला कुणीतरी हात वर करणारच, म्हणून आधीच सुधारून घेतो.

पाडकाम सुरू झालं की गोष्टी फार वेगाने घडतात. सकाळी कौलं उतरतात, संध्याकाळी ट्रक भरलेला असतो. वखारीत सगळं एका थप्पीत पडतं आणि घनफुटाने विकलं जातं. तिथे देवघराची तुळई आणि न्हाणीघराची चौकट यांची जात एक होते. म्हणून मी आधी जातो. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला हाताशी धरतो आणि घर फिरतो. खडूने खुणा करायचो, पण एका पावसात सगळं धुऊन गेलं. आता पत्र्याच्या छोट्या पट्ट्या ठोकतो. पट्टीवर ठशाने कोरलेलं असतं, "माजघर, पूर्व, 3". वहीत त्याच आकड्यापुढे ते वयस्क माणूस जे बोलेल ते लिहितो. एका आजींनी सांगितलं होतं, "ह्या खांबामागे बसून मी मुलगा बघायला आलेला चोरून पाहिला." मी ते तसंच लिहिलं. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "तो मी नव्हेच!" तेही लिहिलं.

हे लाकूड घरी आणून काम सुरू केल्यावर प्रेम कमी आणि शिव्या जास्त निघतात. आधी लोहचुंबक फिरवायचा. जुने खिळे लोहाराने घडवलेले, डोकं गंजून गेलेलं, आत बुंधा शाबूत. करवतीचं पातं त्यावर आपटलं की दात गेलेच. खिळे नसले तरी सागाच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीला सारखी धार लावावी लागते. लोखंड आणि लाकडातला अर्क यांची ओल्या हवेत गाठ पडली की तो काळा डाग पडतो. पूर्वी मी तो खरवडून काढायचो. आता पेटीचं झाकण कापताना डाग कुठे येईल ते आधी ठरवतो. भोक तसंच ठेवतो, आत फक्त ब्रशने साफ करतो. वरून जवसाचं तेल, नंतर मेण. बस्स.

आणखी एक, ही मात्र कळकळीने सांगतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. चौकटीवर हिरवे-निळे थर दिसले की हौसेने घासायला बसू नका, आणि त्या लाकडाचं पोळपाट किंवा लहान मुलाचं खेळणं तर मुळीच करू नका. सागाचा भुसाही नाकाला आणि कातडीला त्रास देतो, मास्क लावा. माझ्या हाताला पहिल्या वर्षी उठलेलं पुरळ बघून बायकोने मला वाड्यांची दृष्ट लागली असं निदान केलं होतं.

हे वेड काही पुण्याचंच नाही. 1897 मध्ये इंग्लंडात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर 'फूद्रॉयाँ' नावाचं जुनं लढाऊ जहाज वादळात फुटलं. एके काळी ते इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याचं जहाज होतं. त्याच्या ओक लाकडाच्या आणि तांब्याच्या आठवणवस्तू करून विकल्या. मालकाने पुढे बदली जहाज घेतलं, ते कुठलं? आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं बांधलेलं, 1817 साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली'. त्याने त्याला जुन्याचंच नाव दिलं. हे सागवानी जहाज आज इंग्लंडातल्याच हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात व्हाइट हाउस आतून पोखरून पुन्हा बांधलं, तेव्हाही जुन्या पाइनचे तुकडे लोकांना विकले. सभेत टेबलावर आपटतात तसला छोटा हातोडा करण्यापुरतं लाकूड आणि सोबत अस्सलपणाची छोटी धातूची पट्टी. 1814 ला इंग्रजांनी जाळल्यावर पुन्हा उभारलेल्या घराचं हे सामान. बाकीचं बरंच भरावात गेलं. मला त्यातली धातूची पट्टी आवडते. तिच्याशिवाय तो नुसता पाइनचा ढलपा आहे.

कारण आपल्या बाजारात उलटं चाललंय. नव्या सागाला साखळीने ठोकतात, ॲसिडने काळं करतात आणि "पेशवेकालीन" म्हणून विकतात. वाडा कुठला, विचारलं तर "जुना वाडा". कुणाचा? "मोठ्या माणसांचा." माझ्या वस्तूखाली पेठ, खोली, उतरवल्याचं वर्ष लिहिलेलं असतं. पेशव्यांचा काळ माझ्या हाती अजून एकदाही लागलेला नाही. बहुतेक लाकूड इंग्रजी अमदानीतलं असतं, आणि तसंच लिहितो. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. पडू दे.

मला विचारतात, हे करून तुम्ही वाडे पाडण्याला हातभारच लावत नाही का? प्रश्न टोचतो. एका मालकाने खरंच म्हटलं होतं, "तुम्ही खांबाच्या वस्तू करून देणार म्हटल्यावर आई पाडायला तयार झाली." त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून परवानगी झाल्याशिवाय, ठेकेदार ठरल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. पण उत्तर पूर्ण झालं असं मला वाटत नाही.

तुमच्या हातात फिरतोय तो ठोकळा एका झोपाळ्याच्या तुळईतला. त्या भोकात झोपाळ्याच्या कडीचा लोखंडी दांडा होता. घरात चार भाऊ, चौघांनाही भोकाचाच तुकडा हवा, आणि भोकं दोनच. भांडण माझ्या कामाच्या टेबलापर्यंत आलं. शेवटी मी दोन भोकांपैकी हे एक माझ्याकडे नमुना म्हणून मागून घेतलं आणि दुसऱ्या भोकाच्या बरोबर मधून उभी-आडवी करवत मारली. चार ठोकळे झाले, प्रत्येकाच्या एका कडेला पाव भोक आलं. चौघांनी एकत्र ठेवले तर ते गोल पूर्ण होतं.

अजून तसे ते ठेवले गेलेले नाहीत. आणि त्यातल्या एकाने, परवाच कळलं, पुट्टी भरून आपलं पाव भोक बुजवून घेतलंय.