मोडक्या पुलाचा चौक: डॉमिनिकाच्या वाटा

(दृश्य: धुक्यातला ओला घाटरस्ता. दुरून हॉर्नचा आवाज.)

वळणापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून मिनीबसचा ड्रायव्हर आधी हॉर्न देतो आणि कान देऊन ऐकतो. पलीकडून उत्तर आलं की गाडी डोंगराच्या कडेला दाबून थांबते आणि समोरचा अलगद निघून जातो. पुढचं वळण आलं की पुन्हा हेच.

हे आहे कॅरिबियन समुद्रातलं डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, तो वेगळा देश. उत्तरेला ग्वादलूप आणि दक्षिणेला मार्टिनिक ही दोन फ्रेंच बेटं, आणि त्यांच्या मधोमध हे सुमारे ४७ किलोमीटर लांब, २६ किलोमीटर रुंद, हिरव्या डोंगरांचं बेट. लोकवस्ती सत्तर हजारांच्या आसपास. इथले मूळ रहिवासी कालिनागो या बेटाला 'वायतुकुबुली' म्हणत, म्हणजे 'तिची काया उंच आहे'. सर्वांत उंच शिखर मोर्न डायब्लोटँ, १,४४७ मीटर. एवढ्याशा जमिनीवर एवढी उंची असल्यावर रस्त्यांचं काय होणार, ते आता पाहूच.

मुख्य विमानतळ ईशान्य किनाऱ्यावर आहे, तर राजधानी रोझो नैर्ऋत्येला. म्हणजे उतरल्यावर जवळपास सगळं बेट ओलांडल्याशिवाय राजधानी गाठता येत नाही. तासाभराहून जास्त लागतो आणि त्यातला बराच वेळ गाडी जंगलातून चढत असते. अटलांटिकवरून येणारे वारे इथल्या डोंगरांना धडकतात आणि सगळं पाणी तिथेच ओततात. मधल्या डोंगराळ भागात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर रोझोच्या किनाऱ्यावर त्याच्या मानाने खूपच कमी. वर्षाच्या दर दिवसाला एक, अशा ३६५ नद्या आपल्या बेटावर आहेत, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. नद्या मोजत बसायची गरज नाही. गाडीतून पूल मोजायला लागा, थोड्याच वेळात मोजणी चुकते.

बेटाच्या पोटात, ढगांच्या उंचीवर, एक चौक लागतो. नाव पाँ कासे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मोडका पूल'. इथून एक वाट रोझोकडे उतरते, एक लायू नदीच्या खोऱ्यातून पश्चिम किनाऱ्याला जाते, एक विमानतळाकडे आणि एक पूर्वेला कॅसल ब्रूसकडे. बेटाचा नकाशा समजून घ्यायचा, तर मी राजधानीच्या आधी या चौकात थांबायला सांगेन. कारण सरळ आहे: डोंगर जिथे वाट देतो, तिथूनच सगळ्यांना जावं लागतं.

पश्चिम किनारा त्या मानाने निवांत. रोझो ते पोर्ट्समथ हा हमरस्ता समुद्राला बिलगून जातो आणि साधारण तासाभरात पोचवतो. पण हा रस्ता होण्याआधी दोन्ही गावांमधली ये-जा होड्यांनीच व्हायची. पोर्ट्समथला आजही इंजिन बंद ठेवून, वल्ही मारत इंडियन नदीत शिरता येतं. काठावरच्या झाडांची मुळं फळ्यांसारखी उभी, नागमोडी पाण्यात उतरलेली दिसतात.

(दृश्य: पूर्व किनारा. खवळलेला समुद्र.)

पूर्वेला कालिनागोंचा प्रदेश. १९०३ साली सुमारे ३,७०० एकर जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली. संपूर्ण बेट ज्यांचं होतं, त्यांना एवढीच. हे मला सहज बोलून पुढे जाण्यासारखं वाटत नाही. सिनेकू गावाखाली लाव्ह्याच्या खडकाची एक लांब रांग पायऱ्यांसारखी समुद्रात उतरते. समुद्रातून वर आलेल्या महासर्पाची ही वाट, असं कालिनागो सांगतात. खडकाच्या कडांना लाटा सतत धडकत असतात, आणि खरोखरच ओल्या खवल्यांचा भास होतो.

दक्षिणेत लोदा गावाजवळून एक पायवाट सुरू होते. तिथून तीनेक तास चालून गेलं की उकळता तलाव येतो: सुमारे ६० मीटर रुंद, राखाडी पाणी, आणि खालून येणाऱ्या ज्वालामुखीच्या वाफेने मध्यभागी चाललेला खदखदाट.

या बेटावरचा कुठलाच रस्ता कायमचा नसतो. ऑगस्ट २०१५ मध्ये एरिका वादळाच्या पावसाने दरडी कोसळल्या, पूल वाहून गेले, विमानतळावर पाणी शिरलं. आग्नेय किनाऱ्यावरचं पेटीट सव्हान हे गाव लोकांना सोडावंच लागलं. दोन वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री, मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ बेटावर आदळलं. बहुतेक घरांची छपरं उडाली, झाडं रस्त्यांवर आडवी पडली. आपल्या माणसांची खबर काढायला लोक गावोगाव पायी निघाले.

पायी चालणं इथे जुनंच आहे. आजची वायतुकुबुली पायवाट दक्षिण टोकाच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेपर्यंत सुमारे १८५ किलोमीटर जाते, चौदा टप्प्यांत. तिचे काही भाग कालिनागोंच्या, तर काही मळ्यांमधून पळालेल्या गुलामांच्या वाटांवरून जातात. त्या बंडखोरांचा एक म्होरक्या होता जॅको. १८१४ साली तो मारला गेला. लायू नदीच्या घळीत, उभ्या कड्यात कोरलेल्या त्याच्या पायऱ्या अजून आहेत. शेवाळलेल्या, ओल्या. उतरताना प्रत्येक पायरीवर हात टेकावा लागतो. खाली नदीचा आवाज वाढत जातो, आणि शेवटच्या पायरीनंतर वाट सरळ पाण्यात शिरते.