एक खुर्ची, एक्कावन्न उंबरठे

नमस्कार, श्रोतेहो.

लोकसभेला अपक्ष उभं राहायचं तर मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मग उमेदवार चंद्रपूरचा असो की उत्तर गोव्याचा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी असा एक कायदा नाही. इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी, कसे नेमायचे, हे तिथल्या घटनेनं राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलं. त्यामुळे पन्नास राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन, प्रत्येकाचा नियम वेगळा.

टेनेसीत अपक्षाला मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मतदारांच्या 275 सह्या पुरतात. टेक्सासमध्ये 2024 साली 1,13,151 लागत होत्या. टेक्सासची लोकसंख्या टेनेसीच्या सुमारे चौपट, सह्या मात्र चारशेपट! त्याही मार्च ते मे एवढ्या अवधीत गोळा करायच्या. शिवाय त्या वर्षी पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत दिलेल्या माणसाची सही बाद. म्हणजे राजकारणात ज्याला रस आहे, नेमका तोच हातचा जातो. ओक्लाहोमात सह्या नको असतील तर 35,000 डॉलर भरायचे.

मोठ्या दोन पक्षांना यातलं काहीच सोसावं लागत नाही, आणि नियम करणारी विधिमंडळं त्यांच्याच हातात असतात. मला खटकतं ते हे. न्यूयॉर्कनं 15,000 सह्यांची अट वाढवून 45,000 केली, मुदत सहा आठवड्यांची. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी 2024 मध्ये तो आकडा ओलांडला; पण अर्जावरचा कॅटोना गावचा पत्ता न्यायालयानं खोटा ठरवला आणि नाव गेलं. उमेदवारानं खरा पत्ता द्यायलाच हवा. पण ज्यांनी सह्या केल्या, त्या मतदारांचा यात काय दोष?

न्यायालयांनी राज्यांना आवरही घातला आहे. 1980 साली जॉन अँडरसन यांनी 24 एप्रिलला अपक्ष म्हणून उभं राहायचं जाहीर केलं, तर ओहायोची मुदत 20 मार्चलाच संपलेली. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती मुदत घटनाबाह्य ठरवली. निवडणूक साऱ्या देशाची असताना एका राज्याच्या अटीचा परिणाम त्याच्या सीमेबाहेरही होतो, हा त्यातला कळीचा मुद्दा.

नाव काढून घेणंही तितकंच अवघड. केनेडींनी ऑगस्टमध्ये माघार घेतली, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात न्यायालयाच्या आदेशानं मतपत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. विस्कॉन्सिनमध्ये मात्र तेव्हा उमेदवाराचा मृत्यू झाला तरच नाव निघत होतं. तिथे नोव्हेंबरमध्ये मतदारांच्या हाती पडलेल्या मतपत्रिकेवर केनेडींचं नाव होतंच.