बट नंबर

(दृश्य: खानापूरकडचा पाऊस. ओसरीवर कोयत्याला तेल लावणारे हात.)

हे माझे आप्पा. आजवर दावणीला किती बैल येऊन गेले ते त्यांना आठवत नाही. पहिल्या रायफलीचा बट नंबर, म्हणजे तिच्या दस्त्यावरचा क्रमांक, विचारा, लगेच सांगतील: एकशे सदतीस.

१९८२ साली आप्पा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये भरती झाले. १७६८ पासूनची ही पलटण. आमच्या गावात घराआड एक फौजी. हातात आली ती ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, रिकामी सव्वाचार किलोच्या आसपास. भाताची पोती उचललेल्या पोराला ते वजन काहीच नव्हतं. पण चूक झाली की तीच रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला फेऱ्या, तेव्हा एकेक तोळा कळायचा.

उस्ताद म्हणायचे, "शिस्त ले." फौजेत नेम धरण्याला शिस्त म्हणतात. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच. आपण तो अर्थ विसरलो, पलटणीनं जपला. बट खांद्यात घट्ट रुतवायची, सैल राहिली तर हाड सुजतं. अर्धा श्वास सोडून थांबायचं. ट्रिगर झटक्यानं ओढायचा नाही, दाबत न्यायचा.

(दृश्य: आप्पांचे हात हवेतच रायफल खोलून दाखवतात.)

ही रायफल गोळीच्याच गॅसवर चालते. गोळी नळीतून पुढं जाताना थोडा गॅस वर शिरतो, पिस्टन मागं ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर, नवी गोळी आत. धुळीनं, काजळीनं यंत्र जड झालं की पुंगळी नीट फेकली जात नाही. मग रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवायचा. गरजेपेक्षा जास्त दिला तर खांद्याला दणका आणि पार्टांना मार. नेमका किती, हे आप्पा पुंगळी कुठं पडते त्यावरून ओळखायचे. ही ओळख अंगात यायला वर्षं जातात, आणि मला ती नेमबाजीहूनही मोठी वाटते.

फायरिंग झालं की सफाई. दोरीच्या पुलथ्रूत चिंदी अडकवून नळीतून ओढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण पुसलेली काजळी रात्रीत परत डोकं वर काढते. मग नळी उजेडाकडं धरून आत बघायचं. चकाकली तरच रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा.

"जपायची जिवापाड, पण ती आपली न्हवं. पलटणीची," आप्पा सांगतात.

शेवटच्या वर्षांत ५.५६ ची इन्सास रायफल आली. गोळी हलकी, एका दाबात तीन सुटायच्या. १९९९ च्या कारगिलनंतर थंडीत तिची मॅगझिनं तडकल्याच्या बातम्या आल्या. आप्पा आजही एसएलआरचीच बाजू घेतात. हातात पहिली आली, त्याचीही माया असेल.

(दृश्य: परसात फवारणीचा पंप.)

औषध मारून झालं की आप्पा पंपाची नळी धुतात, चिंदीनं पुसतात, आभाळाकडं धरतात आणि एक डोळा मिटून आत बघतात.