लहान कॅमेऱ्यातून काय काढलंय?

मंडळी, ‘प्रवासासाठी कोणता कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी हल्ली थेट उत्तर देत नाही. उलट विचारतो, तुमचं कशाशिवाय भागेल? माणूस जरा गोंधळतो, कारण त्यानं यादी केलेली असते ती काय काय हवं याची. फोर-के व्हिडिओ हवा, डोळे ओळखणारा ऑटोफोकस हवा, रात्री चालायला हवा आणि वर खिशात मावायलाही हवा. हे सगळं एकत्र देणारा कॅमेरा कुणी बनवत नाही, कारण तो बनत नाही. कशाला तरी कात्री लावल्याशिवाय कॅमेरा लहान होत नाही, आणि ती कुठे लावली हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं नसतं. ते आपणच हुडकायचं. मग एकच बघायचं, की ही कात्री माझ्या कामावर चालते की नाही.

पहिली कात्री आरशाला लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत लेन्समधलं चित्र डोळ्यापर्यंत नेणारा आरसा असायचा, आणि फोटोच्या वेळी तो वर उचलायला जागा लागायची. त्यामुळे कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची पद्धत) लेन्सच्या कड्यापासून चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर होतं, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मायक्रो फोर थर्ड्स ही लहान सेन्सरची, बिनआरशाची पद्धत जाहीर केली, त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला आणि आरसा गेला. आज सोनीच्या ई माउंटमध्ये हेच अंतर १८ मिमी आहे, निकॉनच्या झेडमध्ये १६. बॉडी पातळ झाली ती अशी.

पण लेन्स? आरसा गेला म्हणून लेन्स लहान होत नाही. केवढ्या सेन्सरवर चित्र पाडायचंय आणि किती प्रकाश आत घ्यायचाय, यावर तिचा आकार ठरतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, आरसा असो वा नसो. सोनीचा ए७सी टू घ्या. बॅटरी आणि कार्ड धरून ५१४ ग्रॅम, फुल-फ्रेमच्या मानानं खरोखर चिमुकला. त्यावर त्यांचीच २४-७० एफ/२.८ जीएम टू ही झूम लेन्स लावा (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), ती एकटी ६९५ ग्रॅमची. झाले बाराशे ग्रॅम, आणि पुढून जड असल्यामुळे गळ्यात तो सतत खाली मान घालून लोंबतो. आता एपीएस-सीचा, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा, सोनीचाच ए६७०० घ्या, ४९३ ग्रॅम. त्यावर सिग्माची १८-५० एफ/२.८, २९० ग्रॅम. सगळं मिळून आठशेच्या आत. दोन बॉड्यांमधला फरक वीस-एकवीस ग्रॅमचा, म्हणजे जवळपास नाहीच. खरा फरक पडला तो लेन्सनं. म्हणून नुसती बॉडी हातात घेऊन ‘केवढासा आहे!’ म्हणू नका. जी लेन्स तुम्ही नव्वद टक्के वेळ लावणार ती लावा, पट्टा लावा, आणि मग उचलून बघा.

यावर कुणीतरी म्हणणारच, फुल-फ्रेमचा दर्जा वेगळा. वेगळा आहे, पण त्यात एक अट आहे. एपीएस-सीचा गुणक, म्हणजे फुल-फ्रेम त्याच्या किती पट रुंद ते, दीड धरला तर एफ/२.८ ची लेन्स, एकूण प्रकाश आणि पार्श्वभूमीची धूसरता या दोन्ही हिशेबांत, फुल-फ्रेमवरच्या साधारण एफ/४ सारखी चालते. म्हणजे फुल-फ्रेम घेऊन त्यावर ‘लहान असावी’ म्हणून एफ/४ किंवा त्याहून मंद झूम लावली, तर मोठ्या सेन्सरचा फायदा तुम्ही आपल्या हातानं परत दिला. फुल-फ्रेम परवडतं ते लहानशी, उजळ, एकाच फोकल लांबीची लेन्स लावून संध्याकाळी भटकणाऱ्याला. मोबदल्यात झूम सोडायची त्याची तयारी असते. बाकी बहुतेकांना, विशेषतः ज्यांना व्हिडिओही करायचाय त्यांना, मी एपीएस-सीच सांगतो. मायक्रो फोर थर्ड्सला लोक उगाच मोडीत काढतात. सेन्सर १७.३ × १३ मिमीचा, प्रकाशाच्या हिशेबात फुल-फ्रेमपेक्षा सुमारे दोन स्टॉप मागे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), हे खरं. पण ओएम-५ हा ४१४ ग्रॅमचा कॅमेरा आयपी५३ दर्जाचा आहे, म्हणजे पावसाच्या तुषारांत काढता येतो, आणि त्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणं, उत्तम आहे. डोंगरात चालणाऱ्यांनी तो एकदा हातात घेऊन बघावाच. फक्त लेन्सही तशीच सील केलेली हवी, नाहीतर पाणी माउंटमधून आत शिरतं.

आता पुढची कात्री. लहान बॉडीतून सगळ्यात आधी काय जातं? सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन, कारण त्याला जागाही लागते आणि खर्चही. निकॉन झेड३०, कॅनन आर५०, फुजीफिल्म एक्स-एम५, सोनीचे दोन्ही झेडव्ही-ई१०, यांत ते नाही. कॅननचा आर८ फुल-फ्रेम असून ४६१ ग्रॅमचा कसा, याचं एक कारण हेच. ए६७००, ए७सी टू, पॅनासॉनिक एस९, ओएम-५ यांत ते आहे. दिवसाउजेडी फोटोच काढायचे असतील तर तुम्हाला त्याची उणीव जाणवणारही नाही. अंधाऱ्या देवळात किंवा संग्रहालयात स्टँड लावू देत नाहीत, तिथे पाव सेकंदाचा फोटो हातानं स्पष्ट येतो तेव्हा त्याची किंमत कळते. आणि व्हिडिओत, एका जागी उभं राहून हातात धरलेलं चित्र थरथरत नाही. मात्र चालताना येणारे हादरे यानं जात नाहीत. वाइड लेन्स असेल तर चित्राचे कोपरे जेलीसारखे हलतात. चालत शूट करायचं असेल तर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटारीची दांडी, घ्या, नाहीतर सरळ थांबून शूट करा. दुसरं स्वस्त पडतं आणि बघणाऱ्यालाही बरं वाटतं.

कंपन्या यावर डिजिटल स्टॅबिलायझेशनची मलमपट्टी करतात. ते चित्राच्या कडा कापून स्थिरता देतं. याचा परिणाम स्वतःकडे कॅमेरा धरून बोलणाऱ्यांना भोवतो. कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये मिळणारी १६-५० लेन्स १६ मिमीला असली की दृश्य फुल-फ्रेमवरच्या २४ मिमीएवढं दिसतं (आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद). पहिल्या झेडव्ही-ई१० मध्ये फोर-के सेकंदाला ३० फ्रेमला लावलं की १.२३ पट काप बसतो, २४ चे जवळपास ३० झाले. त्यावर डिजिटल स्टॅबिलायझेशन चालू केलं की आणखी काप. हात पूर्ण ताणूनही चौकटीत राहतो फक्त तुमचा चेहरा. ज्या जागेसाठी एवढे लांब गेलात ती जागा चौकटीबाहेर! अशा माणसानं बॉडी बदलण्याआधी लेन्स बदलावी. सोनीची ११ मिमी एफ/१.८ आहे, १८१ ग्रॅमची, ती काप धरूनही पुरेशी रुंद राहते.

यांत्रिक शटरवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ही कात्री सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त नडते. पॅनासॉनिक एस९ आणि झेडव्ही-ई१० टू, या दोघांत यांत्रिक पडदाच नाही, शटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक. आवाज नाही, झीज नाही, ऐकायला छान. पण सेन्सर एकाच क्षणी वाचला जात नाही, वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून फोटो काढा. वरची ओळ वाचली तेव्हा खांब एका जागी, खालची वाचेपर्यंत तो पुढे सरकलेला. उभा खांब तिरका येतो. व्हिडिओ करताना कॅमेरा झरकन वळवलात तर अख्ख्या इमारती कलतात. दिव्यांचं दुखणं वेगळं. विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे. शटर १/५०० सेकंदावर असेल तर काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि फोटोवर काळपट आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात. प्रवाशानं लक्षात ठेवायची गोष्ट पुढेच आहे. जपानचा पश्चिम भाग ६० हर्ट्झवर चालतो आणि पूर्व भाग ५० वर. अमेरिकेत ६०, युरोपात ५०. म्हणजे आदल्या गावात ठीक चाललेलं १/५० दुसऱ्या गावात लुकलुकायला लागतं. तिथे १/६० करायचं, एवढंच. पण हे माहीत नसलं तर माणूस कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो.

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर उन्हाचं गणित करूनच टाकू. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर १/५० ठेवतात. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० ला १/१०० आणि एफ/१६ हा जुना ठोकताळा. शटर १/५० केलं की एफ/२२ करावं लागतं. तुम्हाला मात्र एफ/२.८ हवं आहे, म्हणून तर ती लेन्स घेतली. २२, १६, ११, ८, ५.६, ४, २.८, असे सहा स्टॉप. तेवढा प्रकाश अडवायला एनडी६४ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची गडद काच, लागतो. लोक कॅमेऱ्यावर पैसे ओततात आणि ही एक काच विसरतात, मग उन्हातला व्हिडिओ खटखटीत, तुटक दिसतो आणि दोष बॉडीला जातो.

उष्णता. लहान खोक्यात पंखा नाही, उष्णता बाहेर टाकायला धातू कमी. एस९ बाजारात आला तेव्हा फोर-के चित्रीकरण एका वेळी १५ मिनिटांवर थांबत होतं. झेड३० ला निकॉननं १२५ मिनिटांपर्यंतची सोय दिली. प्रवासात कुणी सलग पंधरा मिनिटं शूट करत नाही म्हणा, पण मैफल किंवा भाषण रेकॉर्ड करायचं असेल तर हे आधी बघा. आणि फोर-के ६० फ्रेमला चित्र किती कापलं जातं तेही बघा. ए७सी टू तिथे फुल-फ्रेमचा एपीएस-सीएवढाच भाग वापरतो. कार्डाचं सोपं आहे: सेकंदाला १०० मेगाबिटनं तासाला ४५ जीबी, आणि त्याला व्ही३० वेगाचं कार्ड पुरतं. व्ही९० च्या नादी लागू नका.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नसणं सवयीचा प्रश्न आहे. मला नसेल तर चालत नाही, कारण उन्हात मागचा पडदा दिसत नाही आणि लांब लेन्स कॅमेरा डोळ्याला टेकवल्याशिवाय हाताला स्थिर राहत नाही. फक्त व्हिडिओ करणाऱ्याला त्याचं काहीच अडत नाही.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, फोन असताना हे सगळं कशाला? रास्त प्रश्न आहे. दिवसा, वाइड कोनात, फोनवरच बघायचं असेल तर कशालाच नाही. फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम जोडतो आणि छान जोडतो. तो मागे पडतो ते दूरचं आणायला, अंधारात हलणारं पकडायला आणि मोठं छापायला. ताई, तुमचे फोटो या तिन्हींत बसत नसतील तर कॅमेरा घेऊ नका, मी खरंच सांगतो.

माउंटबद्दल थोडक्यात. बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्सा राहतात. निकॉननं ‘निकॉन १’ २०११ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये बंद केला. कॅननचा ईएफ-एम २०१२ मध्ये आला, २०२३ मध्ये गुंडाळला गेला. दोन्ही खास लहान कॅमेऱ्यांसाठी काढलेले माउंट. लहान बॉडीसाठी लहान, उजळ लेन्सा त्याच माउंटमध्ये पुरेशा आहेत का, हे पैसे देण्याआधी बघायचं. सोनी ई आणि फुजी एक्समध्ये पर्याय भरपूर आहेत. कॅनन आरएफच्या एपीएस-सी बॉड्यांसाठी सिग्माच्या लेन्सा २०२४ पासून मिळायला लागल्या, त्याआधी तिथे फार तुटवडा होता.

बॅटरीचं बघताना किती फोटो लिहिलंय ते सोडा, वॉट-तास, म्हणजे किती ऊर्जा साठते ते, बघा. सोनीची जुनी एफडब्ल्यू५० ७.३ वॉट-तासांची, एफझेड१०० १६.४ ची. दुपटीहून जास्त. झेडव्ही-ई१० आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतला सगळ्यात उपयोगी फरक मला विचाराल तर हाच. जादा लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत, जवळच्या बॅगेत ठेवायच्या, आणि टोकं झाकून. चार्जिंगचा पोर्टही बघून घ्या. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं, पण त्याआधीचे काही कॅमेरे वेगळे आहेत. ओएम-५ ला अजून जुना मायक्रो यूएसबी आहे, २०२५ च्या मार्क टूमध्ये तो बदलला.

जुना कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर तो जरूर करा, चार-पाच वर्षांपूर्वीच्या चांगल्या बॉडीला आजही काही झालेलं नाही. बघायला जाताना आपलं कार्ड आणि केबल बरोबर न्या. केबल लावून चार्ज होतो का बघा, पोर्ट सैल असतात. दहा मिनिटं फोर-के चालू ठेवा. स्टॅबिलायझेशन असेल तर पाव सेकंदाचे चार-पाच फोटो काढून मोठे करून बघा. मग लेन्स एफ/१६ ला नेऊन कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा. आरसा नसल्यामुळे लेन्स बदलताना मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो, आणि बसलेली धूळ त्या फोटोत राखाडी ठिपक्यांसारखी दिसते. ठिपके ब्लोअरनं उडाले तर काळजी नाही. तेलकट असतील, किंवा एखादी रेघ असेल, तर दुसरा कॅमेरा बघा.